भोंगा वाजला, पुढे काय?

माझी भाची अमेरिकेत, टेक्सास राज्यात डॅलसजवळच्या एका उपनगरात राहते. एका मे महिन्यात पहाटे साडेचारच्या सुमारास माझा मोबाइल वाजला. सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला पहाटेचा फोन नवा नसतो. हात आपोआप चष्म्याकडे जातो. पण वॉर्डातून बोलावणं नव्हतं, भाचीचा निरोप होता. ‘मामा, टॉर्नेडोचा भोंगा वाजतोय. आम्ही तिघं बाथरूममध्ये टबात बसलोय, डोक्यावर गादी घेतली आहे. आईला सांगू नकोस.’ सोबत तिने फोनवर दिसणाऱ्या रडारचं चित्र पाठवलं होतं. चाळीस मिनिटांनी दुसरा निरोप आला. ‘गेलं वादळ. आमच्याकडे काहीच झालं नाही. या वर्षातली ही तिसरी वेळ. पुढच्या वेळी जेवण अर्धं टाकून उठायचं का, असं नवरा विचारतोय.’

हा लेख त्या शेवटच्या प्रश्नासाठी आहे.

आधी ते चित्र. वादळांचा माझा अभ्यास नाही, पण चित्र पाहताच ओळखीचं वाटलं. हृदयाची ‘इको’ तपासणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पडद्यावरचे लाल-निळे रंग आठवत असतील. तपासणीच्या दांडीकडे येणारं रक्त लाल दिसतं, दूर जाणारं निळं. झडप गळत असेल, तर जिथे एकच रंग हवा तिथे रंगांची सरमिसळ दिसते आणि आम्ही समजतो, इथे प्रवाह चुकीच्या दिशेने जातो आहे. भाचीने पाठवलेल्या चित्रातही दोन रंग एकमेकांना चिकटून होते. फक्त तिथे रडारपासून दूर जाणारा वारा लाल आणि रडारकडे येणारा हिरवा. म्हणजे लाल रंगाचा अर्थ आमच्या नेमका उलट! पण तत्त्व एकच. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये ते मांडलं. लहरी सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लहरी दाटतात, दूर जात असेल तर विरळ होतात. आगगाडीची शिटी जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येते, ते यामुळेच. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाईस बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने आगगाडीत तुतारीवादक बसवून हे पडताळून पाहिलं. पुढे याच गृहस्थांनी त्यांच्या देशाची हवामान संस्था उभारली. हृदयाच्या तपासणीचं आणि वादळाच्या तपासणीचं नातं इतकं जुनं आहे.

हवामानाचं रडार साधारण दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतं. पावसाचे थेंब आणि गारा यांवर आपटून त्या परत येतात. प्रतिध्वनी किती जोरदार, यावरून पाऊस किंवा गारा किती ते कळतं. लहरी दाटल्या की विरळ झाल्या, यावरून त्या थेंबांना नेणाऱ्या वाऱ्याचा वेग कळतो. आता ढगात वारा गरगर फिरत असेल, तर त्याची एक बाजू रडारकडे येते आणि दुसरी दूर जाते. पडद्यावर हिरवा आणि लाल रंग शेजारी शेजारी उमटतात. तो दिसला की रडारसमोर बसलेला माणूस खुर्चीत ताठ होतो.

मराठीत आपण चक्रीवादळ म्हणतो ते वेगळं. ते समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि चार-पाच दिवस आधी उपग्रहावर दिसतं. टॉर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला वाऱ्याचा भोवरा. त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर, आयुष्य बहुधा काही मिनिटं. उन्हाळ्यात शेतात उठणाऱ्या वावटळीसारखा दिसला तरी वावटळ तापलेल्या जमिनीतून वर उठते आणि टॉर्नेडो ढगाच्या पोटातून येतो. फार जोरदार टॉर्नेडोत वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो.

ढग फिरायला लागतो कसा? एक पेन्सिल दोन तळव्यांमध्ये आडवी धरा आणि वरचा तळवा पुढे सरकवा. पेन्सिल गोल फिरते. जमिनीलगतचा वारा मंद आणि वरचा वारा जोरदार, शिवाय वेगळ्या दिशेचा असेल, तर मधली हवा अशीच आडवी फिरू लागते. त्यात खालून तापलेली दमट हवा जोरात वर चढली, की ती आडवी फिरती हवा उभी होते आणि अख्खं वादळच फिरू लागतं. अशा वादळाला ‘सुपरसेल’ म्हणतात. अमेरिकेच्या मधल्या सपाट राज्यांत वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखाताकडून दमट हवा येते आणि रॉकी पर्वताच्या बाजूने वरून कोरडी हवा येते. अशा वादळांना याहून चांगली जागा जगात क्वचितच असेल.

रडारचा हा उपयोग योगायोगाने सापडला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं शोधताना पडद्यावर पावसाचे ठिपके येत आणि तंत्रज्ञ त्यांना अडथळा समजत. युद्ध संपल्यावर हाच अडथळा उपयोगाचा ठरला. ९ एप्रिल १९५३ रोजी इलिनॉय राज्यात पाऊस मोजण्याच्या कामासाठी लावलेल्या रडारवर एका वादळाच्या कडेला आकड्यासारखी शेपटी दिसली. त्याच जागी टॉर्नेडो होता. त्या दिवसापासून हा ‘आकडा’ हवामानतज्ज्ञांच्या ओळखीचा झाला. पण आकडा दिसतो फक्त पावसाचा, वाऱ्याचा नव्हे. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीजवळ डॉप्लर रडारने एका टॉर्नेडोची सुरुवातीपासून शेवटपर्यंत नोंद केली. भोवरा जमिनीवर टेकण्याच्या बराच आधी ढगात उंचावर फिरणारा वारा पकडला गेला होता, हे नंतर त्या नोंदी तपासताना लक्षात आलं. तोवर शोधपथकं डोळ्यांनी भोवरा पाहून इशारा देत. आता तो दिसण्याआधी इशारा देणं शक्य झालं. १९९० च्या दशकात अमेरिकेने देशभर सुमारे १६० डॉप्लर रडार बसवली.

त्याचा फायदा झाला का? औषधाबद्दल आम्ही जो प्रश्न विचारतो, तोच दोन अर्थतज्ज्ञांनी या रडारबद्दल विचारला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, रडार बसण्याआधी १०० टॉर्नेडोंपैकी ३५ जणांचा इशारा मिळत असे, नंतर ६०. इशारा आणि टॉर्नेडो यांच्यातला वेळ सरासरी ५.३ मिनिटांवरून ९.५ मिनिटांवर गेला. अपेक्षित मृत्यू ४५ टक्क्यांनी आणि जखमी ४० टक्क्यांनी कमी झाले. अवघी चार मिनिटं जास्त! चार मिनिटांची किंमत काय असते, हे हृदयविकाराच्या झटक्याचा रुग्ण पाहिलेल्या कोणाही डॉक्टरला विचारा.

इथवर सगळं सरळ आहे. पुढे अडचण येते.

इकोच्या दांडीला जसं फक्त तिच्या रेषेतलं येणं-जाणं कळतं, आडवं वाहणारं रक्त कळत नाही, तसंच रडारचंही आहे. शिवाय पृथ्वी गोल आहे आणि रडारचा झोत सरळ जातो. शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर उंचावर असतो आणि दीड किलोमीटरहून अधिक रुंद झालेला असतो. काही शे मीटरचा भोवरा त्याला दिसणं कठीण. त्याला दिसतं ते वरच्या ढगातलं कित्येक किलोमीटर रुंदीचं फिरणं. असं फिरणं दिसलेल्या वादळांपैकी साधारण चौथा हिस्साच टॉर्नेडोला जन्म देतात. बाकीची गडगडतात, गारा टाकतात आणि निघून जातात. कोणतं वादळ कोणत्या वाटेने जाईल, हे अजून कोणालाही नीट सांगता येत नाही. २०११ ते २०१३ या काळात तिथल्या रडारांमध्ये आणखी एक सुधारणा झाली. हवेत उडणारं तुटलेलं लाकूड, पत्रे, पाला हे पावसाच्या थेंबांपासून वेगळे ओळखता येऊ लागले. त्यामुळे टॉर्नेडो खरोखर जमिनीवर आहे याची खात्री अंधारातही होते. पण ती खात्री होते तेव्हा कोणाचं तरी छप्पर आधीच उडालेलं असतं. शवविच्छेदनाने निदान पक्कं व्हावं, तसंच हे.

म्हणून इशारा संशयावर द्यावा लागतो आणि म्हणूनच अमेरिकेत टॉर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकी साधारण सात पोकळ ठरतात. माझ्या भाचीचे तिन्ही इशारे त्या सातांतले.

यावर लगेच म्हणता येईल, मग हे शास्त्र कसलं? याचं उत्तर १८८४ मध्येच मिळालं आहे. जॉन फिन्ली नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने तीन महिने टॉर्नेडोचे अंदाज वर्तवले आणि आपण ९६.६ टक्के अचूक ठरल्याचं जाहीर केलं. एकूण २,८०३ अंदाज होते. एका टीकाकाराने दाखवून दिलं, की फिन्लींनी रोज डोळे मिटून ‘आज टॉर्नेडो नाही’ एवढंच म्हटलं असतं, तर ते ९८.२ टक्के अचूक ठरले असते! कारण त्या काळात टॉर्नेडो झाले फक्त ५१ वेळा. दुर्मीळ आजाराच्या बाबतीत ‘काही नाही, घरी जा’ म्हणणारा डॉक्टर नेहमीच बरोबर ठरतो. फक्त त्याचे ते ५१ रुग्ण मरतात. फिन्लींनी त्यातले २८ आधी सांगितले होते. त्यासाठी त्यांना ७२ वेळा चुकावं लागलं. शंभरात बहात्तर. आज रडार असूनही प्रमाण जवळपास तेच आहे. फरक असा, की फिन्लींचा इशारा मोठमोठ्या विभागांसाठी आणि कित्येक तासांचा असे. आजचा इशारा नकाशावर आखलेल्या लहानशा भागासाठी आणि अर्ध्या-पाऊण तासाचा असतो.

फिन्लींच्या नंतर काय झालं, ते अधिक बोलकं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३८ पर्यंत अमेरिकेच्या हवामान खात्याने अंदाजात ‘टॉर्नेडो’ हा शब्द वापरायचाच नाही, असा दंडक पाळला. कारण? लोक घाबरतील. वादळाने होईल त्याहून जास्त नुकसान घबराटीने होईल.

हे वाचून मला माझ्या ओपीडीचं दार आठवलं. रुग्ण आत येण्याआधी मुलगा किंवा जावई डोकावतो आणि हळूच म्हणतो, ‘डॉक्टर, त्यांना कॅन्सर शब्द सांगू नका, खचून जातील.’ भाचीच्या निरोपातही तेच होतं, ‘आईला सांगू नकोस.’ तरुणपणी मीही अनेकांना ‘गाठ आहे, बघू’ असं म्हणून वेळ मारून नेली. पुढे अनुभवाने कळलं, की खरं कळल्यावर बहुतेक माणसं रडतात, गप्प होतात आणि मग कामाला लागतात. जमीन मुलांच्या नावावर करतात, लेकीचं लग्न उरकतात, उपचाराला होकार देतात. न सांगितल्याने त्यांची भीती जात नाही, फक्त तयारीचा वेळ जातो. अमेरिकेच्या हवामान खात्याला हे कळायला पन्नासएक वर्षं लागली. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर विमानतळावर फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी टॉर्नेडोचा अंदाज वर्तवण्याचं धाडस केलं. पाचच दिवसांपूर्वी त्या तळाला एका टॉर्नेडोचा तडाखा बसला होता. अंदाज खरा ठरला. आधीच आवरून ठेवल्यामुळे त्या वेळी माणसं वाचली.

मग आज रडार आहे, शब्द उघड वापरला जातो, भोंगे आहेत, तरी माणसं का मरतात? याचं सगळ्यांत कठोर उत्तर मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन गावाने दिलं. रविवार, २२ मे २०११. गावातल्या शाळेचा पदवीदान समारंभ त्याच दिवशी होता. संध्याकाळी ५.११ वाजता पहिला भोंगा वाजला. ५.१७ वाजता जॉप्लिनसाठी टॉर्नेडोचा इशारा निघाला. ५.३४ वाजता भोवरा गावाच्या पश्चिमेला जमिनीवर टेकला. ५.३८ वाजता दुसरा भोंगा वाजला. पुढच्या काही मिनिटांत गावाचा मधला पट्टा सपाट झाला. १५८ माणसं टॉर्नेडोच्या थेट तडाख्याने गेली, हजाराहून अधिक जखमी झाली. १९४७ नंतर अमेरिकेत एका टॉर्नेडोने इतके बळी घेतले नव्हते.

रडारने आपलं काम केलं होतं. सतरा मिनिटं हाती होती. हवामान खात्याने नंतर वाचलेल्या लोकांशी बोलून अहवाल तयार केला. त्यात दिसलं, की पहिला भोंगा ऐकून बहुतेकांनी लगेच आसरा घेतला नाही. कोणी टीव्ही लावला, कोणी शेजाऱ्याला विचारलं, कोणी दारात येऊन आकाशाकडे पाहिलं. भोंगा तर नेहमीच वाजतो! दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणाहून खात्री झाल्यावर लोक हलले. आणि दारात उभं राहून पाहणाऱ्यांना भोवरा दिसलाच नाही, कारण तो पावसाच्या पडद्याआड होता.

त्या वाटेवर एक नऊ मजली रुग्णालय होतं, सेंट जॉन्स. कर्मचाऱ्यांनी सराव केलेला होता. इशारा मिळताच रुग्णांना खिडक्यांपासून दूर, मधल्या बोळात नेण्याचं काम सुरू झालं. टॉर्नेडोने खिडक्या फोडल्या, वीज गेली आणि पर्यायी विजेचं जनित्रही उद्ध्वस्त झालं. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण दगावले. तरी सुमारे दीड तासात १८३ रुग्णांना अंधाऱ्या जिन्यांवरून खाली उतरवून बाहेर काढलं. अतिदक्षता विभागात वीज गेल्याची पंधरा सेकंदं ज्यांनी अनुभवली आहेत, त्यांना मी याहून अधिक काही सांगायला नको.

जॉप्लिनचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. वादळानंतर काही दिवसांनी जखमींच्या जखमा काळ्या पडू लागल्या. माती आणि लाकडाच्या ढलप्या वाऱ्याच्या वेगाने शरीरात घुसल्या होत्या आणि त्यांच्यासोबत बुरशी. तेरा जणांना त्वचेचा म्युकरमायकोसिस झाला, पाच जण दगावले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण ज्या ‘काळ्या बुरशी’ने हैराण झालो, तिच्याच कुळातला हा आजार. म्हणून वादळात झालेली खोल जखम वरून लहान दिसली, तरी ती लगेच टाके घालून बंद करू नये. आधी उघडून, धुऊन, मेलेला भाग काढून टाकावा आणि रोज पाहावी. आमच्याकडे गारपिटीनंतर पत्रा लागलेले, झाड पडलेले रुग्ण येतात, तेव्हा मी शिकाऊ डॉक्टरांना जॉप्लिन सांगतो.

भोंगा नेहमीच वाजतो, म्हणून दुर्लक्ष करणाऱ्या जॉप्लिनकरांना मी नावं ठेवणार नाही. मला तो अधिकार नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी रात्रपाळीला होतो. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा घसरला की मॉनिटर बोंब मारत असे. रात्रभरात वीस वेळा. एका वयस्क गृहस्थांचा मॉनिटर सारखा वाजत होता. दोन-तीनदा उठून चिमटा नीट बसवला आणि मग आवाज कमी करून टाकला. पुढच्या खेपेला चिमटा घसरला नव्हता. श्वासाच्या नळीत कफ अडकला होता. आमच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला. ‘तसेही ते वाचले नसते,’ असं वरिष्ठ म्हणाले. मी ते आजवर पूर्णपणे मान्य केलेलं नाही.

खोट्या इशाऱ्यांची सवय माणसाला बहिरं करते. यात आळस किंवा अडाणीपणाचा प्रश्न नाही. रडारचा अभ्यास करणाऱ्या त्याच दोन अर्थतज्ज्ञांनी पुढे दाखवलं, की जिथे पोकळ इशाऱ्यांचं प्रमाण जास्त, तिथे टॉर्नेडोत मृत्यूही जास्त होतात. मग इशारे कमी करायचे का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. मॉनिटर बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हता. इशारा देणाऱ्याने आपल्या बोलण्याची पत राखणं आणि ऐकणाऱ्याला हलण्यासाठी जागा देणं, हे दोन उपाय आहेत.

पहिल्या उपायात अमेरिकेकडून शिकण्यासारखं बरंच आहे. तिथे टॉर्नेडो झाला की हवामान खात्याची माणसं प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडझड मोजतात. इशारा कधी दिला, भोवरा कधी टेकला, किती इशारे पोकळ गेले, किती टॉर्नेडो निसटले, याचा हिशेब जनतेसमोर ठेवतात. आपलं अपयश आकड्यांत लिहून काढायला धैर्य लागतं, हे मी मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठकांत बसून शिकलो आहे. जॉप्लिननंतर, २०१२ पासून, त्यांनी इशाऱ्यांची भाषाही बदलायला घेतली. ‘फिरणारं वादळ रडारवर दिसलं आहे’ आणि ‘टॉर्नेडो जमिनीवर आहे, आसरा घेतला नाही तर जीव जाईल’ ही दोन वाक्यं वेगळी असली पाहिजेत, हे त्यांना पटलं. आमच्या रिपोर्टांतही ‘शंका आहे’ आणि ‘निश्चित आहे’ यांत असाच फरक असतो. तो रुग्णाला समजेल असा सांगणं हेच डॉक्टरचं काम.

दुसऱ्या उपायात मात्र अमेरिकाही कमी पडते. २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या मूर गावात टॉर्नेडो टेकण्याच्या सोळा मिनिटं आधी इशारा निघाला होता. भोवरा तिथल्या एका प्राथमिक शाळेपर्यंत पोचायला त्यानंतर आणखी वीसएक मिनिटं लागली. पण शाळेत भक्कम आसरा नव्हता. सात मुलं गेली. निदान वेळेत झालं, खाट नव्हती. तिथे चाकांवरच्या हलक्या घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांत टॉर्नेडोचे मृत्यू नेहमीच प्रमाणाबाहेर जास्त असतात, त्याचंही कारण हेच. ढगात काय चाललंय ते रडार सांगतं; छप्पर कोणाचं किती मजबूत आहे, ते नाही.

हे सगळं आपल्यासाठी परक्याचं दुखणं आहे का? जगातला सर्वाधिक बळी घेणारा टॉर्नेडो अमेरिकेत झालेला नाही. तो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात झाला. सुमारे तेराशे माणसं गेली. मार्च २०२४ च्या अखेरच्या दिवशी पश्चिम बंगालच्या जलपाइगुडी जिल्ह्यात अशाच भोवऱ्याने काही मिनिटांत घरं उद्ध्वस्त केली, माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. महाराष्ट्रात टॉर्नेडो क्वचित. पण तीच गडगडाटी वादळं, तोच उन्हाळा आणि तीच शेतात उघड्यावर असलेली माणसं आपल्याकडेही आहेत. आपल्याकडे ती वादळं जीव घेतात विजेने. देशात दर वर्षी अडीच हजारांहून अधिक माणसं वीज पडून मरतात. मुंबई, नागपूर, गोवा इथल्या डॉप्लर रडारांवर ही वादळं दिसतात, हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा देतं, मोबाइलवर ‘दामिनी’ ॲप आहे. तरी एप्रिल-मेमध्ये माझ्या वॉर्डात भाजलेली, बेशुद्ध माणसं येतात, ती बहुधा झाडाखालून आणलेली असतात. एका जखमी शेतकऱ्याच्या भावाला मी विचारलं, ‘फोनवर निरोप आला नव्हता का?’ तो म्हणाला, ‘आला होता साहेब. रोजच येतो. अख्ख्या जिल्ह्याला येतो. आन् वावरातून जायचं कुठं?’

त्याच्या उत्तरात माझे दोन्ही उपाय आहेत. ‘जिल्ह्यात काही ठिकाणी’ असा इशारा फिन्लींच्या काळातला झाला. रडार असताना तो तालुका, मंडळ, गाव इथवर आणता येतो आणि आणला पाहिजे. त्यासाठी रडारांची संख्या वाढायला हवी, त्यांची देखभाल व्हायला हवी, आणि ऐन वादळात एखादं बंद असेल तर ते लपवू नये. हंगाम संपल्यावर किती इशारे खरे ठरले, किती पोकळ गेले, किती वादळं निसटली, हे जिल्हावार मराठीत जाहीर व्हावं. आणि शिवारात, वस्तीवर, शाळेच्या आवारात विजेपासून वाचवणारा पक्का निवारा असावा. एका रडारच्या किमतीत असे कितीतरी निवारे होतील. मी रडारच्या विरोधात नाही; एक्स-रे यंत्र आहे पण प्लास्टर नाही, अशा रुग्णालयात मी काम केलं आहे, एवढंच.

जाता जाता डॉक्टर म्हणून एक सांगतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. तो निपचित असेल, श्वास नसेल, तर ताबडतोब छाती दाबायला सुरुवात करा. एकाच वेळी अनेकांवर वीज पडली असेल, तर विव्हळणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडे जा. विजेच्या बाबतीत तो मेलेला दिसला तरी बहुतेकदा वाचवता येण्याजोगा असतो.

भाचीच्या नवऱ्याला मी त्या दिवशी उत्तर पाठवलं. ‘जेवण अर्धं टाकून ऊठ. दहातल्या सात वेळा ताट गार होईल, तेवढंच. आमच्याकडे छातीत दुखतंय म्हणून आलेल्या दहा जणांपैकी बहुतेकांना हृदयविकार नसतो. तरी आम्ही दहाही जणांचा ईसीजी काढतो आणि ज्यांचा नीट येतो, त्यांनी आमचा वेळ फुकट घालवला असं म्हणत नाही.’

त्यावर भाचीने लिहिलं, ‘बरं. आणि आईला मीच सांगितलं शेवटी.’ ताई घाबरली नाही. तिने एवढंच विचारलं, की टबात गादीबरोबर पिण्याचं पाणी घेता का?